हाताची किंमत कोणाच्या हाती?

चिंचवडगावात एके काळी एल्प्रो कंपनीचा कारखाना जेथे चालत होता, त्या जमिनीवर आज मॉल उभा आहे. पिंपरी-चिंचवडच्या गेल्या अर्धशतकाचा बराचसा इतिहास ह्या एका वाक्यात सामावलेला आहे. जेथे पाळीचा भोंगा वाजत असे तेथे आता दिव्यांचा लखलखाट आहे, आणि जेथे यंत्रांचे सुटे भाग बनत तेथे खाण्यापिण्याच्या वस्तूंची दुकाने आहेत. मॉलमध्ये आणि मॉलबाहेर, वाकड, पिंपळे सौदागर, रावेतच्या नव्या वसाहतींत ज्या नव्या खाद्यपदार्थांना मागणी आली आहे, त्यांत डोनट हा एक आहे. मैद्याचे गोल कडे तळून त्यावर साखरेचा वा चॉकलेटचा थर दिलेला हा पदार्थ साखळी-दुकानांतून मिळू लागला त्याला आता दीडएक दशक होऊन गेले. अलीकडे मात्र मोठ्या शहरांत त्याची एक नवी जात निघाली आहे. ह्या दुकानांच्या पाटीवर 'हस्तनिर्मित' असे लिहिलेले असते. पीठ हाताने मळलेले, रात्रभर आंबवलेले आणि माल लहान घाण्यात तळलेला, अशी जाहिरात असते; आणि एका डोनटची किंमत शंभर रुपयांच्या घरात किंवा तिच्याही पलीकडे असते.

एका गोड पदार्थावर अग्रलेख लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. चाकणला कंत्राटी कामगारांचे प्रश्न धुमसत असताना डोनटची चर्चा कशाला? परंतु हे दोन विषय वेगळे नाहीत. ज्या औद्योगिक पट्ट्यात हाताने काम करणाऱ्याची पत वर्षानुवर्षे घसरत गेली, त्याच पट्ट्यात 'हाताने केलेले' हे शब्द चढ्या भावाने विकले जात आहेत. ही किंमत कोण देतो आणि ती कोणाच्या पदरात पडते, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. डोनट परदेशी आहे म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पावही परदेशी होता आणि बटाटाही. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या ह्या दोन वस्तूंनी मिळूनच महाराष्ट्रातील कष्टकऱ्याचा वडापाव सिद्ध केला. कोणी काय खावे ह्याचे फतवे काढणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. कामगाराच्या मुलीला वाढदिवसाला डोनट खावासा वाटला तर त्यात तिचे काही चुकले नाही. तक्रार पदार्थाविषयी नसून तो ज्या श्रमसंबंधांतून तयार होतो त्यांविषयी आहे.

किंबहुना, डोनटचा स्वतःचा इतिहास पाहिला तर तो श्रीमंतांचा पदार्थ कधीच नव्हता. रशियातून अमेरिकेत आलेल्या अ‍ॅडॉल्फ लेव्हिट ह्या निर्वासिताने १९२० मध्ये न्यूयॉर्क येथे डोनट तयार करण्याचे यंत्र चालू केले आणि हा पदार्थ सामान्यांच्या आवाक्यात आला. पुढे १९४६ मध्ये विल्यम रोझेनबर्ग ह्याने बॉस्टनच्या आसपास कारखान्यांच्या दारात ट्रक उभे करून कामगारांना खाणे विकण्याचा धंदा सुरू केला. त्याच्या ध्यानात आले की विक्रीचा फार मोठा भाग कॉफी आणि डोनट ह्या दोनच गोष्टींचा आहे. त्यातून १९४८ मध्ये क्विन्सी येथे त्याचे दुकान निघाले आणि १९५० मध्ये त्याला डंकिन डोनट्स हे नाव मिळाले. म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या डोनट-व्यवसायांपैकी एकाचा जन्म कारखान्याच्या फाटकाशी, पाळी सुटण्याच्या वेळी झाला. १९७५ नंतर कॅलिफोर्नियात आलेल्या कंबोडियाच्या निर्वासितांनी हाच धंदा धरला आणि संपूर्ण कुटुंबाने रात्रंदिवस राबून तो वाढवला. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी कुटुंबांनी ज्या चिकाटीने लहानमोठे व्यापार उभे केले, त्याच्याशी ह्या कहाणीचे नाते सहज लक्षात येईल. मात्र ह्या कहाणीतील यशाचा पाया बिनपगारी कौटुंबिक श्रम हा होता, ही गोष्ट गौरवगाथांतून बहुधा निसटते.

असा हा फाटकावरचा पदार्थ आपल्याकडे आला तो उलट्या वाटेने. येथे तो प्रथम काचेच्या कपाटात बसला. चाकणच्या फाटकाबाहेर आजही वडापाव, पोहे आणि मिसळ हीच पोटाची सोय आहे.

आता दुकानाच्या पाटीवरून नजर काढून पाठीमागच्या भट्टीकडे वळू. यीस्ट घातलेले पीठ मळल्यावर त्याला विसावा द्यावा लागतो. ते फुगल्यावर लाटून कडी कापावी लागतात, कडी पुन्हा फुगू द्यावी लागतात, मग तेलाचे तापमान सांभाळून दोन्ही बाजूंनी तळणे, निथळणे, वर थर देणे. सकाळी दहाला काचेचे कपाट भरलेले हवे असेल तर हे काम पहाटेच, कित्येकदा मध्यरात्रीच सुरू होते. संथ आंबवण हे चवीच्या दृष्टीने गुण आहे ह्यात शंका नाही; पण संथ आंबवण म्हणजे माणसाचा अधिक वेळ, आणि तो वेळ कोणाचा तरी असतो. पिठाला विसावा मिळतो. पीठ मळणाऱ्याला तो मिळतो की नाही, हे पाटीवर लिहिलेले नसते.

शंभर रुपयांची विभागणी कशी होते? मैदा, लोणी, साखर, तेल ह्यांचा एक वाटा. घरपोच सेवेच्या कंपन्यांचे कमिशन हा दुसरा वाटा, आणि तो लहान नाही. जाहिरात आणि सजावट हा तिसरा. ह्या सर्वांहून निश्चित वाटा असतो तो गाळ्याच्या भाड्याचा. धान्याचा भाव चढतो म्हणून जमिनीला खंड मिळतो, खंड द्यावा लागतो म्हणून भाव चढत नाही, हा रिकार्डोचा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही शिकतो. तोच न्याय येथे लागू आहे. परिसरातील ग्राहक शंभर रुपये देऊ शकतो म्हणून गाळ्याचे भाडे चढते, आणि दुकानदाराच्या कौशल्याचे फळ जमीनमालक काढून घेतो. ह्या जमिनीची किंमत वाढवली कोणी? हिंदुस्थान अ‍ॅन्टिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघाले, त्याने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन रस्ते आणि पाणी आणले. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत ह्या हेतूने १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निर्माण झाले, आणि २०२१ मध्ये ते विसर्जितही झाले. जनतेच्या पैशाने आणि कामगारांच्या घामाने ज्या जमिनीचे मोल वाढले, तिचा खंड आज खाजगी खिशात जातो. हे सर्व वाटे निघाल्यावर जे उरते त्यातून मालकाचा नफा आणि कामगाराची मजुरी निघायची. भाडे कमी करता येत नाही, कमिशन कमी करता येत नाही. कमी करता येते ती फक्त मजुरी.

म्हणूनच अशा दुकानाच्या मालकाला सरसकट भांडवलदार म्हणून झोडपणे शास्त्रीय ठरणार नाही. त्यांतील अनेक जण, विशेषतः घरच्या स्वयंपाकघरातून धंदा सुरू केलेल्या स्त्रिया, कर्ज काढून उभ्या राहिलेल्या असतात. पण मालकही पिळला जातो, एवढ्याने नोकराची पिळवणूक न्याय्य ठरत नाही.

ह्या पिळवणुकीला आज कायद्याचेच छत्र मिळत आहे, हा ह्या विषयाचा गाभा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की तो कारखाना ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांत ही संख्या वीस झाली आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना केवळ व्यवसायाची माहिती कळवण्यापुरते बंधन ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादाही दहावरून वीसवर नेण्यास, दिवसाचे काम नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. राज्य कामगार विम्यासाठी सर्वसाधारणपणे दहा कामगार लागतात, भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस. किमान वेतनाचा हक्क संख्येवर अवलंबून नाही हे खरे. पण ज्या दुकानात हजेरीपुस्तक ठेवण्याची सक्ती नाही तेथे किमान वेतन दिले गेले की नाही हे कोण आणि कशावरून तपासणार?

आठ-दहा माणसांचे डोनटचे दुकान ह्या सर्व आकड्यांच्या खालून अलगद निसटते. येथे 'लहान' ह्या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर येतात. ग्राहकाच्या दृष्टीने लहान दुकान, लहान घाणा ही गुणवत्तेची खूण आहे, आणि तिच्यासाठी तो अधिक पैसे मोजतो. कामगाराच्या दृष्टीने तेच लहानपण हे त्याच्या हक्कांच्या अभावाचे कारण आहे. ज्या शब्दाने मालाची किंमत वाढते त्याच शब्दाने माणसाची किंमत घटते. एकाच मालकाचे चार गाळे असले आणि प्रत्येकात नऊ माणसे असली, तर कामगार छत्तीस होतात. पण दुकानाची नोंद गाळ्यागणिक होत असल्याने प्रत्येक गाळा 'लहान'च राहतो.

ह्याच्या उलट चित्र कराच्या बाबतीत दिसते. डोनटच्या साखळी-दुकानांवर वस्तू व सेवाकर कोणत्या दराने लावावा हा वाद २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मॅड ओव्हर डोनट्स ही दुकाने चालवणाऱ्या हिमेश फूड्स कंपनीचे म्हणणे असे की ही उपाहारगृहाची सेवा असून तीवर पाच टक्के कर लागतो. करखात्याचे म्हणणे असे की हा बेकरीचा माल असून त्यावर अठरा टक्के कर लागतो. डोनट वस्तू की सेवा, ह्यावर नामवंत वकिलांचे युक्तिवाद होऊ शकतात. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री, बिस्किटे इत्यादी बेकरीच्या मालावरील करच अठरावरून पाच टक्के झाला. कराच्या प्रश्नात शासनाला आणि कंपन्यांना इतका सूक्ष्म विचार सुचतो! पण पुढे विक्रीचे टेबल आणि मागे भट्टी असलेल्या जागेत राबणारा माणूस दुकानाचा नोकर आहे की कारखान्याचा कामगार, हा प्रश्न कोणी न्यायालयात नेल्याचे ऐकिवात नाही. करकपातीचा काही भाग त्याच्या मजुरीत जावा, अशी अटही कोणी घातलेली नाही.

नव्या दुकानांविषयी बोलताना जुन्या बेकऱ्यांकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्या पट्ट्याला पाव पुरवणाऱ्या बेकऱ्यांत हाताने राबणारा कारागीर पूर्वीपासून होता. लादीपाव, खारी, बटर, नानकटाई करणारी ही माणसे बहुधा उत्तर प्रदेशातून येतात, रात्रभर भट्टीसमोर उभी राहतात, आणि पुष्कळदा भट्टीच्याच माळ्यावर झोपतात. त्यांच्या हातच्या पावावर कोणी 'हस्तनिर्मित' अशी पाटी लावली नाही. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने पावाच्या प्रश्नाला दोन उत्तरे दिली होती. १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज ही सरकारी कंपनी काढली. आणि पुढे पाव हा लघुउद्योगांसाठी राखीव ठेवला. पहिले उत्तर जानेवारी २००० मध्ये पुसले गेले. त्या वेळी कंपनीचे ७४ टक्के भाग हिंदुस्तान लिव्हरला सुमारे १०५ कोटी रुपयांना विकण्यात आले, आणि आज मॉडर्न हे नाव ग्रुपो बिंबो ह्या मेक्सिकोतील बहुराष्ट्रीय कंपनीकडे आहे. दुसरे उत्तर एप्रिल २०१५ मध्ये पुसले गेले. लघुउद्योगांसाठी राखीव अशा शेवटच्या वीस वस्तू त्या महिन्यात खुल्या झाल्या, त्यांत पाव होता.

ह्या निर्णयांना विरोध करणे योग्यच होते. परंतु त्या काळात डाव्या आणि समाजवादी चळवळीची एक चूक झाली. लहान उद्योगाचे रक्षण म्हणजे लहान उद्योगातील मजुराचे रक्षण, असे आपण गृहीत धरले. वस्तुतः आरक्षणाच्या छायेतील बेकऱ्यांतही बारा-चौदा तासांचे काम आणि तोंडी नेमणूक हीच रीत होती. लहानपण हा स्वतः सद्गुण नव्हे. ही चूक ओळखली नाही तर ती पुन्हा घडेल. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. हवा शुद्ध हवी ह्यात दुमत नाही. धुराचा पहिला बळी भट्टीवरचा कामगारच असतो. पण बदलाचा खर्च कोणी सोसावा, आणि भट्टी बंद पडल्यास कामगाराचे काय, ह्या प्रश्नांना उत्तर हवे. आज हा प्रश्न मुंबईचा आहे. उद्या तो पिंपरी-चिंचवडचा होणार नाही असे समजण्याचे कारण नाही.

ह्या पट्ट्यातील कामगार चळवळीचा इतिहास तेजस्वी आहे. १९८९ चा टेल्कोचा लढा आणि शनिवारवाड्यावरील उपोषण, २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात पन्नास दिवस चाललेला संप, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० अखेर बंद पडल्यावर तेथील कामगारांनी दिलेली झुंज, ह्या गोष्टी कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. पण हे सर्व लढे मोठ्या कारखान्यांच्या फाटकावरचे होते. फाटकापासून फर्लांगभर अंतरावर असलेली खानावळ, बेकरी, मिठाईचे दुकान ह्यांत राबणाऱ्या माणसाकडे संघटनेचे लक्ष क्वचितच गेले. आज कारखान्यातील नोकरी ज्यांना कायम होण्याची आशा नाही असे तरुण कंत्राटाच्या दोन मुदतींच्या मध्ये ह्याच दुकानांत काम धरतात. त्यामुळे दुकानातील मजुरी जितकी खाली राहील तितकी कारखान्यातील कंत्राटी मजुरीही खाली ओढली जाईल. राखीव फौजेचा हा नियम नवा नाही.

मार्ग नाही असे मुळीच नाही, आणि तो शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. हमालाला एक मालक नसतो, म्हणून त्याला कायदा लागू होत नाही, असे एके काळी सांगितले जाई. त्यावर महाराष्ट्राने १९६९ चा माथाडी कायदा केला. मालक आणि कामगार दोघांचीही मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत, आणि तिच्यावर लेव्ही आकारून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपचार ह्यांची तरतूद, अशी ती रचना आहे. एका दुकानात किती माणसे आहेत हा प्रश्नच त्या रचनेत गौण ठरतो. तसेच बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात 'कष्टाची भाकर' हे केंद्र काढून स्वस्त अन्न आणि सन्मानाचा रोजगार ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे दाखवून दिले. मुंबईत १९७५ मध्ये प्रेमा पुरव ह्यांनी गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित करून सावकाराच्या पाशातून बँकेच्या दारापर्यंत नेले. १९५७ मध्ये कॉफी बोर्डाने कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन ह्यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. अन्न बनवणारे हात अन्नाचा व्यवसायही चालवू शकतात, ह्याचे ह्याहून मोठे प्रमाण कोणते हवे?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील बेकऱ्या, मिठाईची दुकाने, खानावळी आणि उपाहारगृहे ह्यांतील कामगारांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर मंडळ स्थापन व्हावे. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्याने एका मालकाच्या सर्व शाखा एक आस्थापना मानण्याचे तत्त्व स्वीकारले होते. तेच तत्त्व दुकाने कायद्यात आणून शाखांतील कामगारांची मोजणी एकत्र करावी. मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय रद्द व्हावा. इंधनबदलासाठी लहान बेकऱ्यांना सवलतीचे कर्ज मिळावे, पण ज्या बेकरीत कामगारांची नोंद आहे तिलाच. महापालिकेने आपल्या मंडईतील आणि व्यापारी संकुलांतील काही गाळे कामगारांच्या व महिलांच्या सहकारी संस्थांना अल्प भाड्याने द्यावेत. नव्या संहितेने शंभर कामगार असलेल्या आस्थापनेत, कंत्राटी कामगार धरून, उपाहारगृहाची तरतूद केली आहे. जुन्या कायद्यात ही संख्या अडीचशेहून अधिक होती. संहितेतील ही एक इष्ट गोष्ट कागदावर राहू न देता, चाकणमधील अशी उपाहारगृहे चालवण्याचे काम सहकारी संस्थांना मिळावे असा आग्रह धरावा.

मागण्यांना वजन येते ते मात्र माहितीने आणि संघटनेने. म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील बेकऱ्यांची आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांची पाहणी हाती घ्यावी. ती दिवसा करून चालणार नाही. भट्टी पेटते तेव्हाच जावे लागेल. काम किती वाजता सुरू होते, किती वाजता संपते, पगार किती आणि कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी आहे काय, भाजले तर उपचाराचा खर्च कोण करतो, झोपण्याची जागा कोणती, एवढे सहा प्रश्न पुरेत. ज्या मालकांची उत्तरे समाधानकारक असतील त्यांची नावे आवर्जून प्रसिद्ध करावीत. हाताने केलेल्या वस्तूला अधिक किंमत देण्याची ग्राहकाची तयारी आहे, ही चळवळीच्या दृष्टीने निराशेची नव्हे, आशेची गोष्ट आहे. ती किंमत त्या हातापर्यंत पोहोचवणे हे काम मात्र बाजार आपण होऊन करणार नाही. ते संघटनेलाच करावे लागेल.